घरावर टाच

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ला टेकला की दुपारी तीनला शहाणी माणसं कूलरपुढे आडवी होतात. आम्ही सात जणी मात्र दर गुरुवारी त्याच वेळेला जिजींच्या हॉलमध्ये मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या असतो. जिजींकडे कूलर आहे, पण गुरुवारी तो बंद. दमट हवेत लोकर सुईवर अडते, असा त्यांचा सिद्धांत. घामेजल्या हातांत ती कशी सरकते, हे विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही. राहता राहिला छताचा पंखा. तो एकच. आणि आमच्या विणकाम मंडळातली सगळी उतरंड या पंख्यावरून ठरते.

नुसतं सुलट-उलट येणाऱ्या दाराशी. साबुदाणा वीण आणि बाळाची कानटोपी जमली की भिंतीला टेकायला मिळतं. वेण्या घातलेला स्वेटर केला की सतरंजीच्या मध्यापर्यंत मजल जाते. आणि जिला मोज्याची टाच वळवता येते, ती थेट पंख्याखाली. मी चार वर्षं भिंतीशी होते. मला कलेची ओढ लागली असं माझ्या भावजया समजतात. मला वाऱ्याची ओढ लागली होती.

आता आमचा मुलूख कापसाचा. शेतात कापूस पिकवायचा आणि बाजारातून लोकर आणायची, हा उफराटा व्यवहार. त्यातही गुंड्यावरच्या चिठ्ठीत अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं, म्हणजे मेंढीचा त्या प्रकरणाशी काही संबंध नाही. थंडी आमच्याकडेही पडते, नाही असं नाही. धुळ्याकडे तर कधी कधी पारा सहाच्याही खाली जातो. पण तेव्हा लोक शेतात जाऊन भरताची वांगी भाजतात, मोजे घालून बसत नाहीत.

सासूबाई साक्रीकडच्या. माझ्या हातातलं लोंबतं बघून त्यांनी विचारलं, "हाई काय शे व माय?"

"मोजा."

"उन्हायामा?"

पुढे त्यांनी काही विचारलं नाही. फक्त त्या रात्री मुलाला जरा जास्त वाढलं.

सुरुवात सुयांपासून फसली. जिजी म्हणाल्या, "बारा नंबरच्या दुटोकी सुया आण, चारचा संच." भाच्याने मोबाईलवर बारा मिलिमीटरच्या मागवल्या. खोकं उघडलं तर आत चार टिपऱ्या. जिजींचा नंबर जुन्या विलायती पद्धतीचा: आकडा जितका मोठा, सुई तितकी बारीक. बारा नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या टिपऱ्यांनी सासूबाई हल्ली गच्चीवरची माकडं हाकलतात.

मग साठ टाके घातले, वीस-वीस करून तीन सुयांवर वाटले, चौथीने गोल गोल विणत नळी खाली आणली. इथपर्यंत कोणीही येतं. पुढे निम्मे टाके, म्हणजे तीस, बाजूला घेऊन टाचेची पट्टी विणायची आणि मग ती वळवायची. वळवायची म्हणजे ओळ पुरी करायचीच नाही. सतरा टाके सुलट, दोनाचा एक, आणखी एक, आणि बाकीचे दहा तसेच सोडून माघारी फिरायचं. येताना पहिला टाका न विणता नुसता उचलायचा, मग पाच उलट, दोनाचा एक, आणखी एक, पुन्हा माघार. दर खेपेला एक टाका पुढे. आमचे हे कोथिंबीर आणायला निघाले की साधारण अशीच ओळ विणतात, त्यामुळे तत्त्व मला लगेच कळलं. हाताला कळायला तीन महिने गेले. कितीदा उसवलं त्याचा हिशेब नाही. शेवटी शेवटी लोकरीला इतक्या लाटा पडल्या की गुंडा पार्लरमधून आल्यासारखा दिसायला लागला. शेजारच्यांनी "सध्या काय चाललंय?" म्हणून विचारलं की हे सांगायचे, "घरावर टाच आलीय."

टाच सुटली तर पुढे 'किचनचा टाका' उभा. मोज्याचं टोक शिवण न येता मिटवायचं, म्हणजे बोटांना टोचत नाही. किचनमधलाच काही प्रकार असेल म्हणून मी निर्धास्त होते. तर तो निघाला किचनेरचा. लॉर्ड किचनेर, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती. त्याच्याशी वाद झाला म्हणून १९०५ साली खुद्द कर्झनला राजीनामा द्यावा लागला. कर्झन ज्याच्यापुढे टिकला नाही, त्याच्यापुढे मी भिंतीशी बसून रडले, यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही.

पहिला मोजा जानेवारीत पुरा झाला. जिजींनी तो हातात घेतला आणि उलटा केला. सुलट बाजू त्या बघतच नाहीत. बाईचं खरं काम पालथ्या बाजूला कळतं म्हणतात. बराच वेळ टाचेत बोट घालून फिरवलं. मग म्हणाल्या, "बरी वळली. दुसरा कुठंय?"

दुसरा! एवढ्या लढाईत पाय दोन असतात हेच माझ्या ध्यानातून गेलं होतं.

दुसरा विणता विणता मे उजाडला. टाके तेवढेच, सुया त्याच, लोकर तीच. फक्त हात घामाने चिकटत होते, आणि मी दोरा रागाने ओढत होते. गुरुवारी जिजींनी दोन्ही मोजे सतरंजीवर शेजारी ठेवले. हॉलमध्ये पंख्याचा तेवढा आवाज.

"हा कोणाचा?"

"ह्यांचा."

"आणि हा लहान?"

"ह्यांचाच."

नेमके तेव्हाच हे मला घ्यायला आले आणि चप्पल काढून दारात उभे राहिले. सातही जणींनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. आधी उजव्या, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. ह्यांनी हळूच एक पाय दुसऱ्यामागे घेतला.

एक मोजा पास झाला म्हणून मला पंख्याखाली अर्धी जागा मिळाली आहे. डाव्या खांद्याला वारा लागतो. हे अजूनही दर गुरुवारी घ्यायला येतात. पण आता बूट घालून येतात, आणि जिन्याखालीच उभे राहतात.