द्या की सर एक मार्क!

मी मास्तर नाही. कधीच नव्हतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात एका पेढीवर मी हिशेब लिहितो. पोती, हमाली, तोलाई, जीएसटी, एवढंच माझं गणित. हे आधीच सांगून टाकतो, कारण परवा संध्याकाळी बाजारापासून हाकेच्या अंतरावर एका परमिट रूममध्ये हेच मी जीव तोडून सांगत होतो आणि तिथल्या एकाही माणसानं ते मनावर घेतलं नाही.

बार जुनाच आहे. वर एसी, खाली पंखा. वरती तीच बाटली, तोच ग्लास, तीच काकडी, फक्त हवा गार म्हणून दर चढा. मी खालचा माणूस. खाली रेक्झिनची बाकडी, गल्ल्यावर अंबाबाईचा फोटो, त्याला दिवेलागणीला उदबत्ती, आणि आवाज बंद करून ठेवलेला टीव्ही. तिथं माईल्ड मागितली की वेटर न चुकता "स्ट्राँग हाय" म्हणतो. चिल्ड मागितली की म्हणतो, "चिल्ड न्हाई, थंड हाय." ही थंड म्हणजे कोमटाच्या अलीकडची. पण ६५० मिलीची बाटली गावात याहून स्वस्त बसून प्यायला मिळत नाही, म्हणून तक्रार करायची नाही असा तिथला अलिखित करार आहे.

लिखित करार वेगळा. आपल्याकडं दारूबंदीचा कायदा १९४९ चा, आणि तो अजून जागेवर आहे. म्हणजे कागदोपत्री आपण सगळे निर्व्यसनी, फक्त ज्याच्याकडं परवाना त्याला सूट. एक दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन रुपये, वर्षाचा शंभर, आणि ज्याला स्वतःबद्दल पुरेपूर खात्री आहे त्याला हजारात आयुष्यभराचा. मी वर्षाचा काढतो. हिशेबनीस माणूस, कागद पुरा असलेला बरा. पाकिटात ड्रायव्हिंग लायसनच्या मागं तो असतो आणि आजवर कुणी बघायला मागितलेला नाही. परवा मी होऊन दाखवला. त्याचं काय झालं ते सांगतो.

पाऊस लागला होता. आपल्याकडचा आषाढातला, आडवातिडवा. निम्मा बाजार आडोशाला आत शिरलेला. मी पहिला ग्लास भरला, फेस बसायची वाट बघत होतो, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "सर!"

मी मागं बघितलं. मागं भिंत होती.

पुढं बघतो तर पांढरा नेहरू शर्ट, गळ्यात तुळशीची माळ, साठीच्या पुढचा गडी, हातात हेल्मेट. हेल्मेटात मेथीच्या दोन जुड्या. (कोल्हापुरात हेल्मेट डोक्यात घालायचं नसतं, त्यात काहीतरी ठेवायचं असतं.) त्यानं हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवलं, ग्लास कडेला सरकवला, आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पाया पडला.

परमिट रूममध्ये पाया पडून घेण्याचा अनुभव फार लोकांना नसणार. पाय मागं घ्यावेत तर बाकड्याखाली जागा नाही. आशीर्वाद द्यावा तर हातात शेंगदाणे. चार टेबलांवरची माणसं बोलायची थांबली.

"ओळखलं न्हाई व्हय?"

"नाही हो. तुमचा काहीतरी गैरसमज..."

"कसं ओळखणार? पोरगं माझ्यागत नव्हतंच दिसायला. नववी ब. खिडकीकडंला बसायचं."

"मी शिक्षक नाही. धान्य बाजारात हिशेब लिहितो."

"करावं लागतंय की सर. पेन्शनीत भागतंय कुठं आता."

"पेन्शन? मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे!"

त्यानं मला नीट न्याहाळलं. "तरी म्हटलं, सर लय थकल्यात."

इथं मी पाकीट काढलं आणि परवाना त्याच्यापुढं धरला. नाव, पत्ता, सगळं. त्यानं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि हलकेच परत दिला. आवाज खाली आणून म्हणाला, "दुसऱ्या नावानं काढलाय. बरं केलंसा. शाळेची अब्रू हाय."

"मग माझं खरं नाव काय?" मी विचारलं.

"नाव इसरलो. चेहरा न्हाई इसरत माणूस."

याला उत्तर नसतं. त्यानं नाव घेतलं असतं तर खोडता आलं असतं. चेहरा कसा खोडणार?

आता हे गाव शिक्षकाला मानणारं आहे, हे मला मान्य. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळात रुपया म्हणजे गंमत नव्हती. तो धाक चार पिढ्यांनंतरही अंगात उरला असावा. पण मान दिला की वचक ठेवायचा हक्कही येतो, हे मला परवा समजलं. कारण पाया पडून झाल्यावर तो समोर बसला, माझे शेंगदाणे पुढ्यात ओढले, वेटरला "एक लिंबू सोडा, एक मसाला पापड" सांगितलं आणि माझ्या ग्लासाकडं बघत राहिला.

"मी घेत न्हाई. माळकरी हाय. पावसानं आत आलो." मग थांबून, "पन तुमी, सर?"

मी ग्लास उचललाच नाही. उचलवेना. बिअर जागच्या जागी कोमट होत होती आणि मी एका अनोळखी माणसासमोर माझं नसलेलं चारित्र्य सांभाळत होतो.

"चौतीस," तो म्हणाला.

"काय चौतीस?"

"गणित. शंभरपैकी चौतीस. पस्तीसला पास. एक मार्क, सर. एक मार्क देऊ शकला न्हाईसा?"

शेजारच्या टेबलावर तालमीच्या जर्सीतली दोन पोरं होती, फुटबॉलवाली. त्यांनी खुर्च्या आमच्याकडं वळवल्या. पलीकडं एक विमा एजंट होता, तो बाटली घेऊनच उठून आला. पाऊस वाढला होता आणि टीव्हीला आवाज नव्हता, म्हणजे करमणूक मीच.

"एका मार्कासाठी नापास? आयला," एक जर्सी म्हणाली.

आणि इथं मला काय झालं ते कळत नाही. मी म्हणालो, "उत्तरच चुकलं असेल तर मार्क कुठून द्यायचा?"

"बघा!" म्हातारा टेबलावर थाप मारून उठला. "कबूल झालं!"

"स्टेपला मार्क असतोय की सर," दुसरी जर्सी.

"ग्रेस असतोय," एजंट. "नियम हाय तसा."

"नववीला शाळेच्याच हातात असतंय सगळं," हा वेटर. जो मघाशी माझ्या काकडीला पाव तास लावून आला होता.

मी त्या कुणा अज्ञात मास्तराची बाजू घेऊन झगडलो. एकाला दिला तर सगळ्यांना द्यावा लागतो, म्हणालो. पेपर तपासायला वेळ किती, पोरं किती, हेही म्हणालो. आता वाटतं, तो मास्तर खरंच भला माणूस असणार. शेवटी घसा सुकला म्हणून ग्लासाकडं हात नेला तर म्हाताऱ्यानं तो आणखी लांब सरकवला.

"पोरगं काय करतं आता?" मी विचारलं. म्हटलं, वाया गेलं असेल तर निदान सांत्वन तरी करू.

"गोकुळ शिरगावला चार टेम्पो हाईत त्याचं. घर बांधलंय."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार न्हाई, सर. पन नापास ते नापास की ओ."

"द्या की सर एक मार्क," एजंट म्हणाला. त्याच्या मागोमाग सगळा खालचा मजला म्हणायला लागला. द्या की सर. सोडा की सर. एका मार्कानं काय तुमचं घर बुडालंय?

"दिला," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. पण तेवढ्यावर भागेना. म्हाताऱ्यानं वेटरच्या हातातलं ऑर्डरचं पॅड घेतलं, कार्बन लावलेलं, आणि माझ्यापुढं केलं. "लिवून द्या." मी लिहिलं, 'गणित ३५. पास.' खाली सही केली, ती माझीच, पेढीवर करतो तीच. त्यानं कागद चौघडी घालून कंगव्यामागं खिशात ठेवला, पाऊस ओसरलेला बघून हेल्मेट उचललं, परत एकदा पाया पडला, आणि जाता जाता विचारलं, "इंग्रजीचं सर कुठं बसत्यात?"

हे सगळं सांगताना हसू येतं, पण राग आहे तो आहेच. दिवसभर पेढीवर माणसं, घरी माणसं, येताजाता रस्त्यावर "काय, कुठं निघालाय?" विचारणारी माणसं. सगळा दिवस घालवून एका माणसाला अर्धा तास कुणाशी न बोलता बसायचं असेल तर या गावात जागा कुठं आहे? रंकाळ्यावर बसलं तर ओळखीचे भेटतात. गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलं तर म्हैस समोर पिळतात आणि उभ्या उभ्या ग्लास रिकामा करावा लागतो. एसीत वर जाऊन बसावं तर त्या दरात घरचा किराणा येतो. आधीच २०२३ च्या नोव्हेंबरात परमिट रूमचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. सरकारला काय, ते एका सहीनं करतं. आपल्याला मात्र प्रत्येक घोटाला ते आठवतं. आणि एवढं देऊन पदरात काय, तर कोमट बिअर आणि दुसऱ्याचं पोरगं पास.

बिल आलं. त्यात लिंबू सोडा आणि मसाला पापड.

"हे माझं नाही," मी म्हणालो.

"सरांच्या बिलात लावा म्हणून गेल्यात."

मी गल्ल्यावर गेलो. मालक मूळचा उडुपीकडचा, पण जन्म इथलाच, बोलतो आपल्यासारखंच. त्याला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मास्तर नाही, तो माणूस ओळखीचा नाही, पापड मी तोंडाला लावलेला नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ दे की सर. विद्यार्थ्याचा बाप हाय."

पैसे दिले. वीस रुपये परत यायचे होते. सुट्टे नाहीत म्हणाला आणि बडीशेपेची वाटी पुढं सरकवली. मी रागानं मूठभर उचलली. तेवढ्यात तो पुढं वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, पोरगी अकरावी सायन्सला हाय. मॅथ्सची शिकवणी घेता काय?"

मी फी सांगितली.

"लय होतंय, सर."

"दहा टक्के व्हॅट धरून," मी म्हणालो आणि छत्री उघडली.