डबेवाले न बोलता काम करतात, हे कुणी सांगितलं?

माझी धाकटी बहीण नर्स आहे. परवा तिच्या हॉस्पिटलच्या ग्रुपवर वरून फॉरवर्ड आला: ‘मुंबईचे डबेवाले निरक्षर. ना मीटिंग, ना मुकादम. नुसत्या झाकणावरच्या खुणा, तरी १ कोटी ६० लाखांत एकच चूक! फोर्ब्सचं सिक्स सिग्मा प्रमाणपत्र!’ खाली सूचना, पाळी बदलताना तोंडी ओव्हर देण्यात (म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सला पेशंटची माहिती सांगण्यात) वेळ घालवू नका, चार्टवर लिहा आणि निघा.

प्रमाणपत्राचं आधी संपवते. सिक्स सिग्मा म्हणजे जवळपास बिनचूक कामाचा दर्जा. फोर्ब्स या अमेरिकन मासिकाने ते प्रमाणपत्र कधी दिलंच नाही. १९९८ मध्ये तिथे डबेवाल्यांवर लिहिणारे सुब्रत चक्रवर्ती यांनीच नंतर सांगितलं, की सिक्स सिग्मा हा शब्दसुद्धा आपण वापरला नव्हता. चुका फार कमी होतात, एवढं मान्य. ‘निरक्षर’ म्हणणं हा उर्मटपणा आहे. आणि मुकादम नाही? प्रत्येक गटाला मुकादम असतो!

आता त्या खुणा. एका झाकणावर असतं ‘९ ईएक्स १२’. म्हणजे ९ नंबरचा डबेवाला, एक्सप्रेस टॉवर्स, १२वा मजला. बाजूला ‘व्हीएलपी’, म्हणजे विलेपार्ले. मधे मोठा ३, म्हणजे उतरायचं स्टेशन. यात पार्ल्यातल्या घराचा पत्ता दाखवा बरं. नाहीच तो. रिकामा डबा कुठल्या दारात परत द्यायचा, हे डबा उचलणाऱ्याच्या डोक्यात असतं. मग तो आजारी पडला तर? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी २०१२ मध्ये हे नीट मांडलंय: साधारण २५ जणांचा गट, त्यात दोन-तीन माणसं जादा, गरज पडेल तिथे उभी राहणारी. ते दार जादा माणसाला आधी कुणीतरी सांगितलेलं, दाखवलेलं असल्याशिवाय हे जमेल का? त्यात बरेचसे जुन्नर, खेड, मावळकडचे, एकमेकांच्या नात्यागोत्यातले. चार अक्षरांवर भागतं ते बाकीचं सगळं आपसात ठाऊक असतं म्हणून.

माझ्या बहिणीच्या वॉर्डात दर दोन-चार महिन्यांनी नव्या नर्स येतात. चार्टवर असतं ‘गोळी दिली’. पण आठ नंबरच्या आजी गोळी गालात धरतात आणि पाठ वळली की उशीखाली सरकवतात, हे तिला रात्रपाळीच्या सिस्टरने खाटेशी उभं राहून, हळू आवाजात सांगितलं होतं. चार्टच्या कुठल्या रकान्यात बसवायचं हे?

आज ती ड्युटी संपल्यावर वीस मिनिटं थांबली. ओव्हर तोंडीच दिली.