‘तीन आठवडे पुरतील’ हे मीच म्हणाले होते

नमस्कार. तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री वाचला आणि आज सकाळी तुमच्या सराव परीक्षा काढून बसले. तुमचं म्हणणं असं, की तीन आठवड्यांत तयारी होते असं आम्ही सांगितलं आणि डीएसएसटीच्या (पास झाल्यावर अमेरिकेतल्या कॉलेजचे क्रेडिट मिळू शकणाऱ्या परीक्षांच्या) क्रिमिनल जस्टिस, म्हणजे फौजदारी न्यायव्यवस्थेच्या, परीक्षेत तुम्हाला ३८९ गुण पडले, पास व्हायला ४०० लागतात. शिवाय वर्गात जुने खटले आणि तुरुंगांचा इतिहास यांवर वेळ गेला, आणि मराठीतून समजावलेलं इंग्रजी प्रश्नपत्रिकेपुढे कामी आलं नाही.

पहिली चूक माझी. पुण्यात विधी शाखेची दोन वर्षं झालीत हे ऐकून ‘मग तीन आठवडे पुरतील’ असं फोनवर मीच म्हणाले. दुसऱ्या सराव परीक्षेत १०० पैकी ५८ उत्तरं बरोबर आली, तेव्हा तरी तारीख पुढे ढकला म्हणून सांगायला हवं होतं. तेही राहिलं. माफ करा.

मराठीबद्दलची तक्रार वाचून मात्र मी तुमची चुकलेली उत्तरं एकेक करून पाहिली. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला विषय येत होता, पण आपल्याकडचा. पॅरोल घ्या. महाराष्ट्रात कैदी पॅरोलवर येतो म्हणजे घरी कुणी गेलं, कुणी आजारी पडलं म्हणून थोड्या दिवसांसाठी येतो आणि परत आत जातो. अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षेचा काही भाग भोगून झाल्यावर उरलेला काळ बाहेर, देखरेखीखाली काढणं. अटी मोडल्या तरच परत आत. प्रोबेशन त्याहून वेगळं: तिथे न्यायालय तुरुंगाऐवजी देखरेखच देतं. १८४१ मध्ये बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस या जोडे शिवणाऱ्या माणसाने एका दारुड्याला न्यायालयातून स्वतःच्या हमीवर सोडवलं, तिथून ही कल्पना इथे अमेरिकेत रुजली. तुम्ही या दोन्हींची उत्तरं उलटसुलट दिली होती.

‘जेल’ आणि ‘प्रिझन’ या दोन्हींना मी वर्गात ‘तुरुंग’च म्हणत होते. इथे जेल बहुधा काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं असतं, खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि साधारण वर्षाच्या आतल्या शिक्षांसाठी. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, मोठ्या शिक्षांसाठी. बऱ्याच ठिकाणी ते जेल शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलिसप्रमुख, चालवतो आणि तो निवडून आलेला असतो. मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाचं पद, त्यामुळे तो प्रश्नही तुमचा गेला. ‘बर्गलरी’ला मी घरफोडी म्हटलं, आणि घरफोडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फोडलेलं कपाट येतं. इथे गुन्ह्याच्या इराद्याने बेकायदा आत शिरलं की पुरे, काही चोरीला जायलाच हवं असं नाही. मराठीतून शिकवणं मी सोडणार नाही, कारण आपल्या भाषेत समजलेलं पक्कं बसतं. पण हे शब्द आता इंग्रजीच ठेवून त्यांचा फरक मराठीत सांगेन. हे तुमच्यामुळे कळलं.

खटल्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. पोलिस आणि तुरुंग यांचा इतिहास परीक्षेच्या आराखड्यातच आहे. आणि १९६१ चा मॅप (बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालत नाही), १९६३ चा गिडियन, १९६६ चा मिरांडा (अटकेतल्या माणसाला चौकशीआधी गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगायलाच हवा) हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निकाल काढून टाकले तर अटक, झडती, वकील यांतलं काहीच उलगडत नाही. गिडियनने फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क राज्यांच्या न्यायालयांतही लागू झाला. १९६७ च्या गॉल्ट खटल्यातला मुलगा १५ वर्षांचा होता, आरोप अश्लील फोन केल्याचा. त्याला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवायचा आदेश निघाला होता. बालन्यायालयातल्या हक्कांचे प्रश्न तुमचे सगळे बरोबर आलेत. मला वाटतं, ते या गोष्टींमुळेच.

पुढचं सांगते. तुमची पूर्ण फी आज परत पाठवत आहे. परीक्षा पुन्हा द्यायला ३० दिवस थांबावं लागतं. तेवढ्या काळात शिकायचं असेल तर मी स्वतः शिकवीन, पैसे न घेता. त्याआधी एक काम करा: तुमच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून हे ३ क्रेडिट धरले जातील का, ते लेखी घ्या. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन शिफारस करते, पण निर्णय कॉलेजचा असतो. हे आम्ही प्रवेश देतानाच विचारायला हवं होतं. आता विचारतो, आणि तीन आठवड्यांचा वर्गही बंद केलाय.

तुम्ही ११ गुणांनी हुकलात. तुमच्या चुकांची यादी माझ्याकडे तयार आहे. शनिवारी सकाळी फोन करू का?