पहिलं विमान त्यांनी स्वतः नेलं

मागच्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन लेहला गेलो होतो. सकाळचं विमान. लेहची उड्डाणं शक्यतो सकाळीच उरकतात, कारण ऊन चढलं की हवा आणखी विरळ होते आणि दुपारनंतर वारा सुटतो. शेवटच्या काही मिनिटांत विमान डोंगरांच्या मधून असं वळत वळत उतरतं की आईने माझं मनगट घट्ट धरलं, ते चाकं टेकेपर्यंत सोडलं नाही.

पुढचे दोन दिवस हॉटेलात पडून. जिना सावकाश चढायचा, पाणी पीत राहायचं. त्या रिकाम्या वेळात मी बाबांना 24 मे 1948 ची गोष्ट मोबाइलवर वाचून दाखवत होतो, लेहला पहिलं लष्करी विमान उतरलं तो दिवस. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी घाटातल्या रूटवर. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "नकाशा नव्हता म्हणतोस. मग पहिला कोण गेला?"

एअर कमोडोर मेहर सिंग.

हवाई दलात त्यांना 'मेहर बाबा' म्हणतात. आपल्याकडे हे दोन शब्द कानावर पडले की नगरजवळच्या मेहेराबादचे आध्यात्मिक गुरू आठवणार, ते साहजिकच आहे. पण दरवर्षी आपल्याकडून इतकी माणसं लेहला जातात, पँगाँगचे फोटो टाकतात, आणि या दुसऱ्या मेहर बाबाचं नाव मात्र कुणाच्या तोंडी नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

भारत-पाकिस्तानचं पहिलं युद्ध चालू होतं. 1948 च्या मे महिन्यात कारगिल पाकिस्तानकडच्या हल्लेखोरांच्या हातात गेलं होतं. झोजिला खिंडीवरून येणारी वाट तुटली होती. लेह वाचवायला होते मेजर पृथी चंद आणि त्यांच्याबरोबर ऐन फेब्रुवारीच्या बर्फात झोजिला ओलांडून आलेले मूठभर स्वयंसेवक. सोनम नोरबू नावाच्या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूच्या काठी, साडेदहा हजार फुटांच्या वर, धावपट्टी तयार केली होती. पट्टी होती, पण त्यावर उतरून कुणी दाखवलं नव्हतं. हाताशी होतं डाकोटा. आतली हवा दाबाखाली राखण्याची सोय नाही, पंखांवरचं बर्फ झटकायची सोय नाही, या वाटेचा नकाशा नाही. डोंगर इतके उंच की विमानाची सगळी ताकद तिथेच संपावी.

त्या दिवशी पहिलं डाकोटा स्वतः मेहर सिंग यांनी चालवलं. जम्मू-काश्मीर आघाडीवरच्या हवाई दलाच्या ऑपरेशनल ग्रुपचे ते प्रमुख. त्यांनी श्रीनगरच्या टेबलावर बसून हुकूम सोडला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांच्याबरोबर विमानात बसले मेजर जनरल थिमय्या, ज्यांच्यावर त्या आघाडीची जबाबदारी होती. वाटेत काही झालं असतं तर दोघे प्रमुख एकाच वेळी गेले असते. विमान उतरलं, आणि त्यानंतर लेहला कुमक पोचू लागली.

मला मात्र लेहपेक्षा पूंछची गोष्ट जास्त मोठी वाटते. 1947 च्या हिवाळ्यात पूंछला वेढा पडलेला, आत ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांची तुकडी आणि हजारो निर्वासित. जवान आणि निर्वासित, दोघांनी मिळून धावपट्टी खणली. तिच्या तीन बाजूंना ओढे, समोर चढ, आणि भोवतालच्या टेकड्यांवरून गोळीबार. डिसेंबरमध्ये तिथे पहिलं डाकोटा उतरवलं तेही मेहर सिंग यांनीच, आणि मागे प्रवासी म्हणून बसले होते एअर व्हाइस मार्शल सुब्रतो मुखर्जी, जे पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्वतःच्या वरिष्ठाला अशा पट्टीवर घेऊन जायला नुसतं धाडस पुरत नाही, हाताखालच्या यंत्राची पुरती जाण लागते. त्यानंतर डाकोटांची ये-जा सुरू झाली. जाताना धान्य आणि दारूगोळा, येताना जखमी आणि निर्वासित. पुढे रात्री तेलाच्या दिव्यांच्या उजेडात तोफाही उतरवल्या. डाकोटा हे मालवाहू विमान, पण त्याच्या दारातून हातांनी बॉम्ब ढकलायची कल्पनाही त्यांचीच. नोव्हेंबर 1948 मध्ये सैन्य जमिनीवरून पोचेपर्यंत, जवळजवळ वर्षभर, पूंछ त्या पट्टीच्या जोरावर तगून राहिलं.

काही जण म्हणतात, सेनापतीने जीव असा पणाला लावू नये, तो गेला तर सगळं कोलमडतं. एरवी मलाही ते पटतं. पण इथे मला बाबांची गोष्ट आठवते. घाटात दरड कोसळून रस्ता पुन्हा खुला झाला की त्यांच्या डेपोतली पहिली गाडी सर्वांत जुना ड्रायव्हर रिकामी घेऊन जायचा. परत आला की बाकीच्यांना सांगायचा, दुसऱ्या वळणावर कडेची माती ओली आहे, गाडी डोंगराच्या अंगाला ठेवा. पहिल्या फेरीला जाणारा माणूस नुसता जीव टांगणीला लावत नाही, मागून येणाऱ्यांसाठी वाट वाचून येतो. वारा कुठे आडवा येतो, किती उंचीवरून खाली सुटायचं, हे त्या दिवसांत उतरून आलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार होतं? मेहर सिंग उतरून परत आले की दुसऱ्या दिवशीच्या तरुण पायलटासाठी तीच जागा माहितीची झालेली असायची. नेतृत्वावर कितीही भाषणं ऐकली तरी मला अजून याच्यापलीकडची व्याख्या सापडलेली नाही.

त्यांची ही सवय जुनी होती. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल कॉलेजात शिकून आलेला हा पंजाबी मुलगा वायव्य सरहद्दीवर उडत असताना गोळी लागून विमान डोंगरात उतरवावं लागलं, तेव्हा तो आणि त्याचा गनर टोळीवाल्यांना चुकवत रात्री चालत आपल्या चौकीपर्यंत पोचले. नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन ही लढाऊ विमानं उडवणाऱ्या सहाव्या स्क्वाड्रनचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. टेहळणीत ही स्क्वाड्रन इतकी पक्की की तिला 'चौदाव्या आर्मीचे डोळे' म्हणत, म्हणजे तिथे लढणाऱ्या ब्रिटिश-भारतीय फौजेचे. 1944 मध्ये त्यांना डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलातल्या दुसऱ्या कुणालाही तो मिळाला नाही.

आणि एवढं करून 1948 मध्येच त्यांनी राजीनामा दिला. तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. 1950 मध्ये महावीर चक्र मिळालं, तेव्हा ते गणवेशात नव्हते. मार्च 1952 मध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात विमान कोसळलं आणि ते गेले. वय छत्तीस. ही ओळ वाचताना मी दर वेळी थांबतो. छत्तीसाव्या वर्षी आपल्यातले बहुतेक जण नुकते कुठे मार्गाला लागलेले असतात.

2018 मध्ये हवाई दलाने ड्रोनच्या थव्यांसाठी स्पर्धा जाहीर केली, तिला मेहर बाबांचं नाव दिलं. पूर-भूकंपात अडकलेल्यांपर्यंत मदत पोचवायची हा तिचा विषय. पूंछला धान्य नेणाऱ्या माणसाचं नाव त्याला शोभतं, हवाई दलाने हे फार योग्य केलं. आता शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर एक धडा यावा, एवढंच मागणं आहे.

तिसऱ्या दिवशी बाबांना बरं वाटलं तसे ते म्हणाले, ती जागा तरी दाखव. विमानतळाचं कुंपण ओलांडता येत नाही, म्हणून गाडी बाहेरच्या बाजूला सिंधूच्या काठी नेली. बाबा उतरले आणि बराच वेळ गप्प उभे राहिले, घाटात गाडी नेण्याआधी रस्ता न्याहाळत तसे. वारा कुठून येतोय ते तोंड फिरवून पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली.

"भुसभुशीत आहे," म्हणाले. "चाक रुतलं असतं."