इंजिन आहे म्हणून शेत शोधणे थांबत नाही

ग्लायडर म्हणजे एरवी इंजिनाविना हवेवर तरंगत जाणारे विमान. दोन आसनांच्या आणि पोटात मिटणारे इंजिन असलेल्या ग्लायडरविषयी एक मजकूर मराठी वाचकांमध्ये बराच फिरतो आहे. त्यात तीन विधाने आहेत. इंजिन असल्यामुळे भलत्या ठिकाणी उतरण्याची वेळच येत नाही, म्हणून हे ग्लायडर सर्वांत सुरक्षित. त्यावरचे विक्रम म्हणजे खरे तर इंजिनाचेच विक्रम. आणि दोन माणसांच्या वजनामुळे ते एका आसनाच्या ग्लायडरइतके दूर जाऊ शकत नाही. यांतील शेवटची दोन विधाने चुकीची आहेत. पहिले मात्र जिवावर बेतणारे आहे, म्हणून त्याचाच विचार अधिक सविस्तर करतो.

शेंप-हिर्थ या जर्मन कंपनीचे आर्कस एम हे उदाहरण घेऊ. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत २० मीटर आहेत आणि शांत हवेत एक किलोमीटर उंची खर्च करून ते सुमारे ५० किलोमीटर पुढे जाते. इंजिन वैमानिकांच्या पाठीमागे धडात असते आणि लागेल तेव्हा पंखा बसवलेला खांब दारे उघडून वर येतो. आता अशी वेळ डोळ्यांपुढे आणा की संध्याकाळ झाली आहे, थर्मल, म्हणजे ग्लायडरला वर नेणारे गरम हवेचे झोत, मेली आहेत आणि जमिनीपासूनची उंची ४०० मीटर उरली आहे. वेग कमी करायचा, खांब वर काढायचा, इंधनाचा मार्ग उघडायचा आणि मग स्टार्टर दाबायचा. चार तास थंड हवेत बंद पडून राहिलेले इंजिन पहिल्याच प्रयत्नाला सुरू होईल याची हमी कोणीही देत नाही. दरम्यान खांब आणि स्थिर पंखा वाऱ्याला इतका अडवतात की ५० चे ते गुणोत्तर निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे इंजिन बाहेर काढण्यापूर्वी जे गाव आवाक्यात होते, ते इंजिन सुरू न झाल्यास आवाक्याबाहेर गेलेले असते. खांब पुन्हा आत घेऊ म्हटले तरी अरुंद कप्प्यात बसण्यासाठी पंख्याचे पाते आधी बरोबर उभे आणावे लागते आणि ते उभे झाले की नाही हे वैमानिक छोट्या आरशात पाहतो. जमीन वर येत असताना या कामाला फुरसत नसते.

ज्यांना ‘टर्बो’ म्हणतात त्या प्रकारात तर इंजिन इतके लहान असते की ग्लायडरला स्वतःहून जमिनीवरून उठवताही येत नाही. ते केवळ घरी परतण्यापुरते असते. ड्युओ डिस्कस टी या ग्लायडरला स्टार्टर नाही. नाक खाली करून वेग घ्यायचा आणि वाऱ्यानेच पंखा फिरवून इंजिन पेटवायचे, म्हणजे उंची वाचवण्यासाठी आधी उंचीच खर्चायची. म्हणूनच शिक्षक बजावतात की उतरण्याजोगे शेत आधी नक्की करा, त्याच्या आवाक्यात राहा आणि मगच इंजिनाला हात लावा. इंजिनाने सोय होते हे खरे. दोराने ओढून वर नेणारे विमान लागत नाही, शेतात उतरलेले ग्लायडर आणायला रात्री कोणाला ट्रेलर घेऊन यावे लागत नाही. पण या सोयीला सुरक्षितता म्हणणे ही गंभीर चूक आहे, आणि ती छापून पसरवणाऱ्याने याचा विचार करायला हवा होता.

विक्रमांचा मुद्दा लवकर निकाली निघतो. ग्लायडरमधील नोंदयंत्र स्थान आणि उंचीबरोबर इंजिनाच्या आवाजाची पातळीही सतत टिपते. आकाशात इंजिन सुरू केले की मोजले जाणारे उड्डाण तिथेच संपते. स्पर्धेतही तो वैमानिक त्या जागी उतरला असे धरले जाते. क्लाउस ओलमान यांनी २१ जानेवारी २००३ रोजी अर्जेंटिनात निंबस ४ डीएम या दोन आसनी, इंजिनयुक्त ग्लायडरने ३,००९ किलोमीटर कापले, ते अँडीज ओलांडणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांमुळे पर्वतापलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटांवर. ग्लायडरच्या टाकीतले इंधन तेवढ्या अंतराच्या जवळपासही पुरले नसते.

वजनाविषयीचा गैरसमज समजण्यासारखा आहे. पुण्यात हडपसरला विंचच्या, म्हणजे जमिनीवरून दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरावर वर जाणारी प्रशिक्षण ग्लायडरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जड म्हणजे लवकर खाली येणारे असे वाटणे साहजिक आहे. परंतु एक मीटर उंचीत किती मीटर पुढे जायचे हे पंखांच्या आणि धडाच्या आकारावर ठरते. वजनाने फक्त तो वेग बदलतो ज्या वेगाला हे अंतर साधते, आणि तोही वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. तेच ग्लायडर ५०० ऐवजी ७२० किलो भरले, तर जे अंतर ताशी १०० किलोमीटरने साधत होते ते ताशी १२० ने साधेल. म्हणून तर थर्मल जोरदार असलेल्या दिवशी वैमानिक पंखांत मुद्दाम पाणी भरून नेतात. दुबळ्या थर्मलमध्ये जड ग्लायडर सावकाश चढते हे मान्य. पण त्यावरून ते दूर जाऊ शकत नाही असे म्हणता येत नाही. २०१४ मध्ये फिनलंडमधील रायस्केले येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत २० मीटरच्या बहुआसनी ग्लायडरांचा स्वतंत्र वर्ग होता, तो काही संथ विमानांना सांभाळून घेण्यासाठी नव्हे.

शिवाय त्या दुसऱ्या माणसाला निव्वळ वजन समजणेही बरोबर नाही. वर सांगितलेल्या ४०० मीटर उंचीवर एक जण खांब, इंधन आणि आरसा सांभाळत असताना दुसऱ्याचे डोळे सतत शेतावर असतात: नांगरट कोणत्या दिशेने आहे, विजेच्या तारा कुठून जातात, धूर कुठे वाहतो आहे. इंजिन पेटले नाही तर पुढे काय करायचे, याचे उत्तर त्याने तोवर मोठ्याने सांगितलेले असते.