काकू, मुलाला पाठवा

गेल्या शनिवारी नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या एका दुकानात मला माझ्या मुलाविषयी बरीच नवी माहिती मिळाली. त्याला स्टुडिओचाच माइक लागतो, त्याला वायरचा कंटाळा आहे आणि असल्या खरेदीला त्याने आईला पाठवायला नको होते, हे सगळे मला दुकानदाराकडून कळले. मला मुलगा नाही. एक मुलगी आहे. ती पुण्याला असते आणि तिला गाण्यातले फारसे कळत नाही, म्हणूनच ती माझे गाणे शेवटपर्यंत ऐकते.

मला हवे होते ते एवढेच की टॅबलेटवर स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी एक माइक आणि तो टॅबलेटला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस मिळावा. पंधरा दिवस वाचून मी वहीची चार पाने भरली होती आणि ती वही पर्समधून काढून काउंटरवर उघडीही ठेवली होती. दुकानदाराने वहीकडे पाहिले, माझ्या केसांकडे पाहिले आणि म्हणाला, “काकू, मुलाला पाठवा ना, त्याला सांगतो मी.” हा गृहस्थ माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल; त्याच्या मिशीतले कलप केलेले केस मला मोजता येत होते.

“मला डायनॅमिक माइक दाखवा,” मी म्हटले.

“डायनॅमिक स्टेजचा असतो, काकू. मुलाला कंडेन्सर लागेल.”

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण दुकानात मला कोणी सांगू दिले नाही. कंडेन्सर माइकचा पडदा अतिशय हलका असतो आणि आवाजाची बारीकशी थरथरही तो टिपतो. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर पुरवावी लागते. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्या हलण्यातूनच वीज तयार होते, त्यामुळे त्याला बाहेरून काही खाऊ घालावे लागत नाही. तो कानाने थोडा जड असतो. त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावे लागते आणि इंटरफेसवरचा गेन, म्हणजे आत येणारा आवाज मोठा करायचा खटका, बराच वाढवावा लागतो. पण चार हातांवर काय चालले आहे, याची तो फारशी दखल घेत नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर फरशी बदलण्याचे काम दिवाळीपासून चालू आहे, खालच्या मजल्यावर कुकर आहे आणि मध्ये मी आहे. अशा घरात कंडेन्सर आणणे म्हणजे चहाड्या सांगणाऱ्या बाईला भिशीत घेण्यासारखे आहे.

हे मी दुकानदाराला समजावून सांगण्याच्या बेतात असताना शेजारच्या स्टुलावरून आवाज आला, “ताई बरोबर बोलताय. डायनॅमिकच घ्या.”

हे अण्णा. पंचवटीत त्यांचा मंडप आणि साउंडचा व्यवसाय आहे, गणपती तोंडावर आल्यामुळे ते कॉर्ड आणि पिना घ्यायला आले होते आणि त्यांच्या हातातल्या चहाचा कप रिकामा होऊनही त्यांनी तो सोडला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मताला कोणी अनुमोदन दिल्यामुळे मी वळून त्यांना नमस्कार केला. ही माझी चूक झाली.

“माझ्याकडं एक डायनॅमिक आहे ताई,” अण्णा म्हणाले, “चौदा वर्षं झाली. मिरवणुकीत ट्रॅक्टरवरनं तीनदा पडला. एकदा पाण्यात पडला. एका वर्षी आरतीला नारळ फोडायला दगड सापडेना, तर पोरांनी याच्यानं फोडला. जाळीला पोचा आला, पण आवाजाला काही नाही. लगेच ‘हॅलो हॅलो’ केलं, चालू!”

मी म्हटले, “मला नारळ फोडायचा नाही.”

“नाही, पण लागला तर.” मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. “तुमचा आवाज कुठपर्यंत जायला पाहिजे?”

“कुठेच नाही.”

“म्हणजे?”

“घरात गाणार. टॅबलेटमध्ये जाणार. बस.”

अण्णांनी कप खाली ठेवला. चौदा वर्षांच्या व्यवसायात आवाज कुठेच जायला नको असलेले गिऱ्हाईक त्यांनी पाहिले नसावे. “पण मग ऐकणार कोण?” त्यांनी विचारले, आणि ते अगदी मनापासून विचारले. “आमचा आवाज रामकुंडावरनं पार पलीकडं जातो. निदान सोसायटीत तरी जाऊ द्या. एक बॉक्स लावून देतो, भाड्यानं, तुमच्याकडनं जास्त घेणार नाही.”

“अण्णा, त्यांच्या मुलाला रेकॉर्डिंग करायचंय,” दुकानदार म्हणाला.

“मग मुलगा कुठाय?” अण्णांनी दाराकडे पाहिले. मीही पाहिले.

याच शहरात पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्कर राहिले, आणि सगळी सभा ऐकेल असे गायला त्यांना माइक लागला नाही, हे अण्णांना सांगावेसे वाटले; पण त्यातून अण्णांचाच मुद्दा सिद्ध झाला असता. मला आठवली ती गायिका गौहर जान. १९०२ साली कोलकात्यात तिने ध्वनिमुद्रण केले तेव्हा माइक नव्हताच, विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आले; तिला एका कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागले. गाणे संपताना ती आपले नाव इंग्रजीत पुकारत असे, कारण तबकड्या परदेशात तयार होत आणि तेथल्या लोकांना गाणारी कोण हे कळायला हवे होते. तिची निदान तशी सोय होती. मी काउंटरवर हात आपटून “मी गाते, मी!” असे ओरडले असते, तर दोघांनी मला पाणी प्यायला दिले असते.

शेवटी डायनॅमिक माइक मिळाला, तोही “मुलाला नाही आवडला तर बदलून देईन” या आश्वासनासह. इंटरफेस मिळाला. त्याच्याबरोबर ब्लूटूथ हेडफोन माझ्या गळ्यात बांधण्याचा प्रयत्न झाला, तो मी हाणून पाडला. गाताना स्वतःचा आवाज सहा मिलिसेकंद उशिरा कानात आला, तर तो दोन मीटरवरून आल्यासारखा वाटतो आणि माणूस ते चालवून घेतो. ब्लूटूथवर तोच आवाज शेजारच्या इमारतीतून कोणी नक्कल करत असल्यासारखा येतो. वायरचा हेडफोन थेट इंटरफेसमध्ये खुपसावा आणि डायरेक्ट मॉनिटरचे बटण दाबावे म्हणजे आवाज टॅबलेटचा वळसा न घेता सरळ कानात येतो आणि तीही कटकट उरत नाही. हे सगळे वहीत तिसऱ्या पानावर होते. वही कोणी वाचली नाही.

माझा टॅबलेट जुना आहे. चार्जिंगची खाच यूएसबी-सीची नाही आणि इंटरफेसला पुरेल एवढी वीज देण्याची त्याची तयारी नसते. लावला की हे उपकरण फार वीज ओढते, अशी पाटी पडद्यावर येते. म्हणून एक ॲडॉप्टर लागतो, ज्याला बाजूने चार्जरही जोडता येतो. कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घेता यावेत म्हणून तो निघाला, त्यामुळे त्याचे नावही कॅमेरा ॲडॉप्टर असेच आहे. ते नाव ऐकताच दुकानदाराने मला समोरच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात पाठवले. तेथल्या मुलाने विचारले, “लग्न कधी आहे?” तो ॲडॉप्टर अखेर मला घरबसल्या मागवावा लागला आणि तोपर्यंत चार दिवस मी माइक नुसताच हातात धरून बसले.

बुधवारी दुपारी वरच्या मजल्यावरचे गवंडी जेवायला गेले. तिसरा प्रहर होता. माइकची पाठ स्वयंपाकघराकडे केली, कारण या प्रकारच्या माइकला पाठीमागचे जवळजवळ ऐकू येत नाही, तानपुरा हेडफोनमध्ये लावला म्हणजे मुद्रणात फक्त आवाज येईल, आणि अर्धा तास गायले. निषाद एके ठिकाणी चढा लागला आहे, श्वास ऐकू येतो, पण कुकर नाही, गवंडी नाही. मी ते तीनदा ऐकले. खरे सांगायचे तर चारदा.

संध्याकाळी दुकानदाराचा संदेश आला, बहुधा बिलावरच्या नंबरवरून शोधून त्याने पाठवला असावा. “काकू, माइक आवडला का मुलाला?”

खरे काय ते लिहायला घेतले, तीन ओळी झाल्या आणि पुसून टाकल्या. “आवडला,” असे लिहिले.

“मस्त. काय गातो तो?”

“भीमपलास,” मी लिहिले.