‘तक्रार समितीकडे जाऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निकाल लागले की सातारा, कराड, कोरेगाव, वडूजच्या कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘तक्रार समितीकडे चुकूनही जाऊ नका. नाव फुटतं, इंटर्नलचे मार्क जातात. समितीत त्यांचेच प्राध्यापक, कक्षात त्यांचेच पगारी, फाईल दाबायलाच बसलेले. खरा निर्णय कोल्हापूरला होतो. तक्रार खोटी ठरली तर कॉलेजातून काढतात. त्यापेक्षा साहेबांचं पत्र आणा नाहीतर वकील गाठा. सगळ्या ग्रुपवर टाका.’

सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका विद्यापीठाच्या तक्रार कक्षात मी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची प्रकरणं हाताळते. अर्जाची नोंद, कागद गोळा करणं, दोन्ही बाजूंना पत्रं, समितीपुढे टिपणी, सुनावणीची तारीख, आणि निर्णयाची प्रत विद्यार्थ्याच्या हातात पडेपर्यंतचा पाठपुरावा, हे माझं काम. या मेसेजवर विश्वास ठेवून थांबलेली मुलं माझ्यासमोर येतात तेव्हा बहुतेकदा मुदत उलटून गेलेली असते. म्हणून त्यातल्या एकेका विधानाला उत्तर देते.

‘नाव फुटतं, मार्क जातात.’ ही भीती हवेतली नाही. अंतर्गत गुण, प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट हे सगळं ज्यांच्या हातात असतं त्यांच्याविरुद्धच लिहायचं म्हटलं की कुणाचाही हात थरथरेल. एखाद्या व्यक्तीविरुद्ध तक्रार असेल तर तिला आरोप काय आहे ते कळवावंच लागतं, त्याशिवाय सुनावणी न्याय्य होत नाही. तेव्हा नाव प्रत्येक प्रकरणात गुप्त राहील असं मी कुणालाही सांगत नाही.

पण मेसेज ही भीती सरसकट सगळ्या तक्रारींना चिकटवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2023 च्या तक्रार निवारण विनियमांत तक्रारीचे जे विषय दिले आहेत ते बघा: शिष्यवृत्तीला विलंब, फी परत न मिळणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, जाहीर केल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, निकाल वेळेत न लागणं, माहितीपत्रकात एक आणि प्रत्यक्षात दुसरंच असणं. यात कुठल्या सरांचा राग ओढवणार? महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकून पडला आहे, एवढं लिहायलाही मुलं या मेसेजमुळे कचरतात.

आणि जिथे तक्रार खरोखर शिक्षकाविरुद्ध आहे, तिथे कागदच उपयोगी पडतो. पाटणकडची एक मुलगी विभागातल्या त्रासाबद्दल वर्षभर तोंडी सांगत राहिली. वर्गशिक्षकांना सांगितलं, विभागप्रमुखांना सांगितलं. पुढे तिचे अंतर्गत गुण घसरले. ते सूडाने कमी केले असं तिचं म्हणणं होतं, पण आधी तक्रार केली होती हे दाखवणारं एक चिटोरंही तिच्याजवळ नव्हतं. दुसऱ्या एका प्रकरणात मुलाच्या अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख होती. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे गुण समितीने शेजारी ठेवून पाहिले, आणि विभागाला प्रत्येक गुणाचं कारण लेखी द्यावं लागलं. विद्यार्थ्याला त्रास देणं हा 2023 च्या विनियमांत स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी यूजीसीचे 2015 चे वेगळे विनियम आहेत. चौकशी चालू असताना ज्याच्यावर आरोप आहे त्याला तक्रारदार विद्यार्थिनीचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं, हे तिथे लिहूनच ठेवलं आहे. इतर प्रकरणांतही ‘माझी प्रॅक्टिकल दुसऱ्या परीक्षकाने घ्यावी’ अशी मागणी अर्जातच करता येते. ती करा. मागितलंच नाही, तर समिती आपणहून देईल या भरवशावर राहू नये.

‘समितीत त्यांचेच प्राध्यापक.’ खरं आहे. अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार ज्येष्ठ शिक्षक, अशीच रचना आहे. त्यांच्यापैकी किमान एक स्त्री आणि किमान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला असावा लागतो, आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. ज्या सदस्याच्या विभागाचीच तक्रार आहे त्याने त्या सुनावणीला बसू नये, असं सुनावणीआधी लेखी मागता येतं.

मेसेज ज्याचं नावही घेत नाही तो पुढचा टप्पा म्हणजे लोकपाल, समितीच्या निर्णयाविरुद्ध विद्यार्थ्यांची अपिलं ऐकणारे. निवृत्त कुलगुरू, दहा वर्षं प्राध्यापक राहिलेले निवृत्त ज्येष्ठ प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्यातून लोकपाल नेमतात, आणि त्या संस्थेशी त्यांचे हितसंबंध असता कामा नयेत. समितीचा निर्णय हातात पडल्यापासून 15 दिवसांत त्यांच्याकडे अपील करायचं, आणि ते 30 दिवसांत निकाली काढावं अशी अपेक्षा आहे. म्हणजे ‘त्यांचेच प्राध्यापक’ हा आक्षेप खरा धरला, तरी बाहेरच्या माणसापर्यंत पोचायची वाट याच समितीतून जाते. समितीकडे गेलाच नाहीत तर लोकपालांचं दार उघडत नाही.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिच्यामुळे होतं. पेपर कडक तपासला, एवढ्याच कारणावर लोकपाल पुनर्मूल्यांकन करून देत नाहीत. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता झाली, किंवा भेदभाव झाला, असं दाखवता आलं तरच ते त्यात शिरतात. गुणांसाठीची वाट वेगळी आहे: उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यायची, ती आपल्या विषयाच्या शिक्षकांना दाखवायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. या अर्जांची मुदत परीक्षा विभाग निकालानंतर जाहीर करतो आणि ती छोटी असते. आधी समितीचा निर्णय येऊ दे, मग छायाप्रतीचं बघू, असं म्हणून थांबलेली मुलं दोन्हीकडून जातात. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्या. एकामुळे दुसरा थांबत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहायला मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे.

‘कक्षात त्यांचेच पगारी, फाईल दाबायलाच बसलेले.’ पगार संस्थाच देते. पण निर्णय समिती देते, मी देत नाही, आणि तसंच असायला हवं. माझं काम विद्यार्थ्याची वकिली करण्याचं नाही, संस्थेची तर अजिबात नाही. प्रकरण पूर्ण कागदांनिशी, वेळेत, दोघांचं म्हणणं सारख्याच नीटपणे मांडून समितीपुढे नेणं हे काम आहे. इंग्लंडमधल्या विद्यापीठांत यासाठी स्वतंत्र अधिकारी असतात. अंतर्गत प्रक्रिया संपली की विद्यार्थ्याला तसं पत्र द्यावं लागतं, आणि त्या पत्राच्या तारखेपासून 12 महिन्यांत तो बाहेरच्या स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे फुकट जाऊ शकतो. 2004 च्या कायद्याने ही व्यवस्था तिथे आली. आपल्याकडे हेच काम पुष्कळ ठिकाणी एखाद्या लिपिकाकडे किंवा शिक्षकाकडे जादा कार्यभार म्हणून असतं. परीक्षेच्या दिवसांत ते मागे पडतं, आणि मुलांना वाटतं फाईल दाबली. जिथे फक्त या कामासाठी माणूस नाही, तिथे तो मागायला हवा. विद्यार्थी संघटनांनी निवेदनात ही मागणी घातली तर मला मनापासून आनंद होईल.

फाईल दबते ती मुख्यतः आवक क्रमांक नसल्यामुळे. अर्ज टेबलावर ठेवून निघून आलात तर तो आलाच नाही असं कुणीही म्हणू शकतं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, ती घरी जपून ठेवा. घेत नसतील तर पोर्टलवर टाका, ईमेल करा, किंवा पोवई नाक्यावरच्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती ठेवा. ऑनलाइन तक्रार आल्यावर 15 दिवसांच्या आत ती संस्थेच्या म्हणण्यासह समितीकडे गेली पाहिजे, आणि समितीने शक्यतो 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल दिला पाहिजे. हे दिवस तुमच्या पोचेवरच्या तारखेपासून मोजले जातात. पोच नसेल तर मोजणार कुठून?

अर्जाबद्दलही सांगते. ‘माझ्यावर अन्याय झाला आहे, तरी योग्य तो न्याय मिळावा’ एवढंच लिहिलेले अर्ज माझ्याकडे ढिगाने येतात. त्यांवर समिती काय करणार? काय घडलं, कोणत्या तारखेला, त्याचा कोणता कागद आहे, कुणाला आधी कळवलं, आणि आता नेमकं काय हवं, हे लिहा. शेवटचं तर हमखास राहून जातं. निकाल राखून ठेवला असेल तर ‘अमुक सत्राचा निकाल जाहीर करावा आणि तोवर पुढच्या सत्राचा परीक्षा अर्ज स्वीकारावा’ असं लिहिलं की समितीला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि ‘नाही’ला कारण द्यावं लागतं. लोकपालांपुढे अपील उभं राहतं ते त्या कारणावर.

‘खरा निर्णय कोल्हापूरला होतो.’ शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचं मुख्यालय कोल्हापूरला आहे, हे 1962 पासूनचं वास्तव. पण विनियमांनुसार समिती प्रत्येक संस्थेत हवी, म्हणजे तुमच्या कॉलेजातही. पहिली सुनावणी साताऱ्यातच. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ 2021 मध्ये साताऱ्यात सुरू झालं, तेव्हा त्याच्या कॉलेजांतल्या मुलांना तर कोल्हापूरचा प्रश्नच नाही.

‘खोटी ठरली तर काढतात.’ खोटी किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी केलेली तक्रार असेल तर तक्रारदारावर योग्य कारवाईची शिफारस लोकपाल करू शकतात, एवढंच विनियमांत आहे. पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

राहिलं साहेबांचं पत्र आणि वकील. दहिवडीहून, मेढ्याहून आईवडील एसटीने येऊन पुढाऱ्याच्या कार्यालयाबाहेर ताटकळतात, पत्र मिळवतात, मग आमच्याकडे येतात. ते पत्र आम्ही फाईलला लावतो. त्याने कुठलीही मुदत सुरू होत नाही आणि संपलेली मुदत वाढत नाही. प्रवेश रद्द करणाऱ्यांना हे फार महाग पडतं. यूजीसीच्या 2018 च्या सूचनेप्रमाणे, प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या 15 किंवा जास्त दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, फक्त प्रक्रिया शुल्क 5 टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त 5000 रुपये कापता येतं. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत 90 टक्के, तारीख उलटल्यावर 15 दिवसांपर्यंत 80, पुढे 30 दिवसांपर्यंत 50, आणि त्यानंतर शून्य. काही वर्षी यूजीसी वेगळ्या तारखा जाहीर करते, आणि सीईटी सेलमार्फत होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांचे नियम निराळे आहेत, तेवढं तपासून घ्यावं. पत्रासाठी दोन आठवडे घालवलेल्या कुटुंबाचे हजारो रुपये असे जातात, आणि ती माणसं बहुतेकदा ऊसतोडीचे नाहीतर दुधाचे पैसे साठवून फी भरणारी असतात. मूळ गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला पडताळून लगेच परत द्यायचा, ठेवून घ्यायचा नाही, हेही त्याच सूचनेत आहे. प्रवेश रद्द करण्याच्या अर्जातच कागद परत मागा.

वकिलाची गरज पुढे कोर्टात जावं लागलं तर पडते. समितीपुढे तुम्ही स्वतः येऊन बोलू शकता. लोकपालांपुढे येणं जमत नसेल तर तुमच्या वतीने प्रतिनिधी पाठवता येतो, आणि तो वकीलच हवा असं नाही. समितीच्या निर्णयाची प्रत ज्यांना मिळाली आहे आणि 15 दिवस अजून उरले आहेत, त्यांनी ती प्रत, आवक क्रमांकाची पोच आणि एक पानाचं अपील घेऊन याच आठवड्यात यावं. कागद कसे लावायचे ते कक्षात सांगू.